तळटिपेतील नाव

१

ज्या चित्रपटाच्या निमित्ताने मी हे लिहितो आहे त्याचा शेवट मी येथे सांगणार नाही. भयपट आणि रहस्यपट यांच्याबाबत प्रेक्षकांनी आपापसांत पाळलेला हा जुना संकेत आहे, आणि समीक्षकानेही तो मोडू नये असे मला वाटते. शिवाय मला जे म्हणावयाचे आहे ते त्या शेवटावर अवलंबून नाही. ते अवलंबून आहे चित्रपटाच्या आरंभावर, म्हणजे श्रेयनामावलीवर. ही नामावली प्रेक्षक सहसा वाचत नाहीत. मीही ती प्रथम वाचली नव्हती, ऐकली होती.

चित्रपट म्हणजे 'हा खेळ सावल्यांचा'. वर्ष १९७६. दिग्दर्शक वसंत जोगळेकर. प्रमुख भूमिका आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांच्या. गीते सुधीर मोघे यांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. नरसू नावाच्या इसमाचे भूत एका तरुणीचा पिच्छा पुरवते. हे भूत खरे, की तिच्या मनाचा विकार, की आणखी काही, या संदेहावर चित्रपट उभा आहे. त्यातले 'गोमू संगतीनं' हे हेमंतकुमार आणि आशा भोसले यांनी गायिलेले गीत आजही लग्नाच्या मांडवापासून गाण्यांच्या स्पर्धांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. दिग्दर्शकाचे नाव मात्र विचारून पाहावे. मी अनेकांना विचारले आहे. मराठी चित्रपटांविषयी अधिकाराने बोलणारी माणसेही क्षणभर थांबतात आणि राजा परांजपे, राजदत्त अशी दुसरीच नावे घेतात.

मी तो चित्रपट पाहिला १९७८ च्या हिवाळ्यात, किनवटला, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. आमचे गाव किनवटपासून सात-आठ किलोमीटरांवर, पैनगंगेच्या काठी. भोवती सागाचे रान. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि उर्दू, तांड्यावर गोरमाटी, गोंडांच्या वस्तीत गोंडी आणि कोलामांच्या पोडावर कोलामी असा आमचा मुलूख. या प्रत्येक भाषेत भुताखेतांना वेगवेगळी नावे होती. पण कोणत्याही भाषेत पाहिले तरी भूत लागायचे ते बहुधा बाईलाच.

आमच्या घरात ते माझ्या आत्याला लागलेले होते. वडिलांची ही धाकटी बहीण चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. तिला 'बाहेरची बाधा' आहे, हे आम्हा मुलांना पाढ्यांसारखे पाठ होते. पोळ्याच्या अमावस्येला पैनगंगेवर गेली आणि तिथून ते तिच्या मागे आले, अशी हकीकत घरात सांगितली जाई. अमावस्या जवळ आली की आम्हाला तिच्या खोलीकडे जाऊ देत नसत. एरवी ती घरातल्या इतर बायकांसारखीच बाई होती. त्यांच्याहून थोडी कमी बोलणारी.

तंबूत बायकांची बाजू वेगळी असे. मी बारा वर्षांचा, म्हणून तिच्याजवळ बायकांतच बसलो होतो. दिवे मालवले, पडद्यावर अक्षरे आली आणि शेजारच्या एका म्हातारीने विचारले, "काय लिवलं हाय गं ते?" आत्या नामावली वाचू लागली. एकेक नाव सावकाश, शाळेत धडा वाचावा तसे. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. शेवटचे नाव तिने वाचले, "दिग्दर्शक, वसंत जोगळेकर." म्हातारीने विचारले, "म्हंजे कोण?" आत्या म्हणाली, "ज्यानं हे समदं रचलं, तो."

दिग्दर्शक या संज्ञेची याहून चोख व्याख्या मला पुढे कोणत्याही ग्रंथात आढळली नाही.

२

वसंत जोगळेकरांची कारकीर्द समोर मांडून पाहिली की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. ती कारकीर्द दीर्घ आहे. १९४३ च्या 'चिमुकला संसार'पासून १९७६ पर्यंत तेहतीस वर्षांची. परंतु या तेहतीस वर्षांत त्यांचे नाव जेथे जेथे स्मरले जाते तेथे ते दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रातील तळटीप म्हणून.

१९४७ चा 'आपकी सेवा में' त्यांनी दिग्दर्शित केला. हिंदी चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी केलेले पहिले पार्श्वगायन म्हणून या चित्रपटातील दत्ता डावजेकरांनी बांधलेल्या गीताचा उल्लेख होतो. चित्रपट कोणी आज पाहत नाही; नोंद मात्र अमर आहे. १९६० च्या 'आँचल'साठी नंदा यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तो नंदांच्या चरित्राचा भाग झाला. १९६३ चा 'आज और कल' पु. ल. देशपांडे यांच्या 'सुंदर मी होणार' या नाटकावर आधारलेला. तो पुलंच्या सूचीत गेला. १९६८ चा 'एक कली मुस्काई' स्मरतो तो मदनमोहनांच्या चालींमुळे आणि जोगळेकरांची कन्या मीरा नायिका असल्यामुळे. पत्नी सुमती गुप्ते स्वतः नामवंत अभिनेत्री. त्यांच्याविषयी लिहिताना जोगळेकर 'त्यांचे पती' म्हणून येतात. आणि शेवटी 'हा खेळ सावल्यांचा', जो हृदयनाथांच्या आणि मोघ्यांच्या नावावर जमा आहे.

ही कारकीर्द एकसंध नाही, हे मान्य केले पाहिजे. तिच्यात कौटुंबिक अश्रुपट आहेत, हिंदीतल्या ठरावीक साच्याला शरण गेलेल्या जागा आहेत, आणि पडद्यावरच्या माणसांपेक्षा गाण्यांवर अधिक भिस्त ठेवलेली आहे. मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून पुन्हा मराठीत जाणाऱ्या त्या पिढीतील अनेक दिग्दर्शकांची हीच गत होती. निर्माता बदलला की घाट बदलायचा. बाजार बदलला की भाषा बदलायची. अशा कारकिर्दीत 'दृष्टी' कशी शोधावयाची?

येथे समीक्षेची पंचाईत होते. १९५४ मध्ये फ्रांस्वा त्रुफो यांनी एका गाजलेल्या लेखातून फ्रेंच चित्रपटातील पटकथाप्रधान परंपरेवर हल्ला चढवला, १९६२ मध्ये अँड्र्यू सॅरिस यांनी त्या विचारसरणीला अमेरिकेत सिद्धान्ताचे रूप दिले, आणि दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता ही कल्पना रुजली. तिने दुर्लक्षित दिग्दर्शकांचे भले केले यात शंका नाही. परंतु तिची एक अट होती. कर्त्याच्या सर्व कृतींतून एकच स्वाक्षरी उमटलेली दिसली पाहिजे. ज्याची सही दर कागदावर सारखी उमटत नाही तो कर्ता नव्हे. फार तर कारागीर. मराठी वाङ्मयसमीक्षेला ही अट परकी वाटली नाही, कारण कवीच्या 'अनुभवविश्वा'ची एकात्मता शोधण्याची सवय आपल्याला होतीच. ज्याचे बरेचसे लेखन सामान्य आणि एखादेच असामान्य, अशा लेखकाचे काय करावयाचे हे आपल्याला कधीच नीट उमगलेले नाही. आपण त्या असामान्य कृतीला अपघात म्हणतो आणि पुढे जातो.

३

नव्वदच्या दशकात एका उजळणी वर्गासाठी मी हैदराबादला होतो. तेथील ग्रंथालयात डेव्हिड पिरी यांचे ब्रिटिश भयपटांवरील १९७३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक हाती आले. पिरी यांचे म्हणणे असे की वेस्टर्न हा जसा अमेरिकेचा तसा भयपट हा ब्रिटनचा स्वतःचा चित्रप्रकार आहे. त्याची मुळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॉथिक कादंबरीत आहेत, आणि ज्या समीक्षकांनी त्याला हीन म्हणून झिडकारले त्यांनी आपलीच परंपरा नाकारली.

त्या पुस्तकामुळे टेरेन्स फिशर हे नाव मला कळले. १९०४ चा जन्म, चित्रपटांच्या संकलनात घालवलेली कित्येक वर्षे, चाळिशी उलटल्यावर हाती आलेले दिग्दर्शन, मग हॅमर कंपनीसाठी केलेले १९५७ आणि १९५८ सालचे फ्रँकेन्स्टाइन व ड्रॅक्युला. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले आणि प्रतिष्ठित समीक्षकांनी नाक मुरडलेले हे चित्रपट. आणि मायकेल रीव्हज. १९६९ मध्ये पंचविसाव्या वर्षी मृत्यू; तोवर जेमतेम तीन पूर्ण चित्रपट. पहिला स्वस्तातला आणि ओबडधोबड. शेवटचा, १९६८ चा 'विचफाइंडर जनरल', आज ब्रिटिश चित्रपटातील एक महत्त्वाची कृती मानला जातो. त्याच्या केंद्रस्थानी मॅथ्यू हॉपकिन्स हा सतराव्या शतकातील खराखुरा इसम आहे. गावोगाव फिरून चेटकिणी हुडकून काढणे आणि त्याबद्दल गावांकडून पैसे घेणे हा त्याचा व्यवसाय. त्या चित्रपटात अलौकिक असे काहीच नाही. चेटूक नाही, चेटकीण ठरवणाऱ्यांची मिळकत मात्र आहे.

हे वाचताना मला किनवटचा तंबू आठवला. तंबूतून परततानाची ती रात्र आठवली.

खेळ संपून आम्ही बैलगाडीने निघालो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. रान सुरू झाले. वाटेत एक नाला होता. त्याच्या अलीकडे बैल अडले. गाडीवान खाली उतरेना. नरसू त्याच्याही मागे लागला असावा. वडील पुढे बसले होते, तेही काही बोलेनात. तेव्हा आत्या उतरली, कंदील हातात घेतला आणि गाडीच्या पुढे चालू लागली. बैल तिच्या मागे निघाले. मी उडी मारून तिच्या बाजूला गेलो आणि विचारले, "आत्या, तुला भ्या वाटत नाही का?"

"कशाचं भ्या? भूत तर माझ्याच अंगात हाय म्हणतेत लोकं. मग वाटंवर कोणाला भ्यायचं?"

थोडे चालून गेल्यावर तीच म्हणाली, "पिच्चरमधी समदे भूत खरं का खोटं तेच पाहायलेत. भुतानं कोणाचं भलं झालं, ते इचारावं माणसानं."

मागून वडिलांचा आवाज आला, "गप चाल."

या प्रसंगावर मी कधी लिहिले नाही. पुढे लोकप्रिय साहित्यावरील एका चर्चासत्रासाठी निबंध लिहिताना मी 'हा खेळ सावल्यांचा'वर चार पाने लिहिली होती. त्यांचा रोख असा की 'आज और कल' आणि 'हा खेळ सावल्यांचा' या तेरा वर्षांच्या अंतराने आलेल्या चित्रपटांत एक समान आशयसूत्र दिसते. 'सुंदर मी होणार' हे नाटक रुडॉल्फ बेझिए यांच्या १९३० च्या इंग्रजी नाटकावर बेतलेले. त्या नाटकात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट, तिचे आजारपण आणि तिच्या बापाचा जाच आहे. जोगळेकरांच्या हिंदी चित्रपटात संस्थानिकाच्या घरातील मुलगी खिळून राहिलेली आहे. तिचे पाय गेलेले नाहीत. त्या घराच्या शिस्तीत तिचे चालणेच बसत नाही. मराठी चित्रपटातही एक घर आहे, एक तरुणी आहे, आणि तिच्या भयाभोवती गोळा झालेली माणसे आहेत. एकीचे दुखणे शरीरात दिसते, दुसरीचे सावलीत. परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच, की हे दुखणे कोणाच्या सोयीचे आहे?

निबंध वाचण्यापूर्वी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी ती पाने बाजूला काढली आणि सौम्यपणे विचारले, "यात वाङ्मयीन मूल्य कोणते?" मला उत्तर देता आले नाही. देता आले नाही असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे तर मी प्रयत्न केला नाही. ती पाने गाळण्यात मला सुटका वाटली. या विषयाच्या वाटेने फार पुढे गेलो तर तो नाला लागेल आणि कंदील घेऊन चालणारी ती बाई काय म्हणाली होती ते लिहावे लागेल, एवढे मला कळत होते.

४

वडील २००३ मध्ये वारले. त्यांच्या पेटीत घराण्याची कागदपत्रे होती. त्यांत एक हक्कसोड पत्र निघाले. आजोबांच्या पश्चात आत्याच्या वाट्याला आलेल्या सहा एकर काळ्या जमिनीवरचा हक्क तिने भावांच्या लाभात 'स्वखुशीने व विनामोबदला' सोडल्याचे त्यात नमूद होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत जो वाटा दिला तो अशा कागदांनी गावोगाव परत घेतला गेला आहे, हे मी तत्त्वतः जाणत होतो. आपल्या घरातला कागद हातात धरणे वेगळे.

कागदावरील तारीख फेब्रुवारी १९७४ ची होती.

आमच्या घरातली हकीकत अशी होती की आधी भूत आले. तिला कशाचीच शुद्ध राहीना, म्हणून तिच्याच भल्यासाठी जमीन भावांनी सांभाळायला घेतली. परंतु भूत आले ते त्या वर्षीच्या पोळ्याच्या अमावस्येला. याबद्दल घरात कोणाचेही दुमत नव्हते. म्हणजे कागद आधी झाला आणि भूत त्यानंतर सहा महिन्यांनी आले. मधल्या काळात काय घडले ते गावातल्या एका वृद्धाने मला सांगितले. आत्या तलाठ्याकडे गेली होती. सातबाऱ्यावरून आपले नाव कसे गेले, हे विचारायला.

घटनांचा क्रम आणि कथनाचा क्रम यांतील भेद रशियन रूपवाद्यांनी शिकवला. तो मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. भयकथेचा सारा डोलारा या भेदावरच उभा असतो. कारण आणि कार्य यांची जागा बदलून सांगितली की साधी गोष्टही गूढ होते. आमच्या घराने कोणताही सिद्धान्त न वाचता हे साधले होते.

त्या कागदाच्या तळाशी, जेथे लिहून देणाऱ्याची सही असते तेथे, निळ्या शाईचा एक ठसा होता आणि त्यालगत लेखनिकाच्या अक्षरात 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिले होते. आत्या चौथीपर्यंत शिकली होती. तंबूतल्या बायकांना तिने अख्खी नामावली वाचून दाखवली होती. घरातली पत्रे तीच लिहीत असे. तिला सही करता येत होती.

आणि भूत? ते खरे होते का? त्या अमावस्येला ती किंचाळली, केस मोकळे सोडून अंगणात बसली, हे पाहणारी माणसे होती. ते सोंग होते, की दुखणे, की चोहीकडून कोंडलेल्या बाईला उरलेली बोलण्याची ती एकच रीत होती, हे मी ठरवू शकत नाही. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० च्या आपल्या विवेचनात अद्भुतिकाचे लक्षण सांगितले ते हेच: नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक या दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचकाचे अडखळणे. तो अडखळतो तोवर हा प्रकार जिवंत राहतो. आत्याबाबत मी अडखळलेलाच आहे. परंतु तिने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत अडखळण्यास जागा नाही. भुताने कोणाचे भले झाले? सहा एकरांपैकी चार एकर १९८४ मध्ये विकले गेले. त्या पैशातून मी मीटरगेजच्या गाडीने नांदेडला गेलो, नंतर औरंगाबादला विद्यापीठात. रूपवाद आणि तोदोरोव मी त्या चार एकरांवर वाचले.

आत्या १९९१ मध्ये गेली. चर्चासत्रातली ती चार पाने मी गाळली तेव्हा ती हयात नव्हती आणि वडील होते.

५

भरताने भयाविषयी सांगितलेल्या दोन गोष्टी मला अलीकडे एकत्र वाचाव्याशा वाटतात. पहिली प्रसिद्ध आहे. भय हा स्त्रियांचा आणि नीच प्रकृतीच्या पात्रांचा भाव होय, असे नाट्यशास्त्र सांगते. ओसाड घर, अरण्य, कोल्ह्या-घुबडांचे आवाज हे त्याचे विभाव. आपल्या समीक्षाव्यवहाराने ही श्रेणी नकळत पत्करली आहे. शृंगार, करुण आणि शांत यांची चर्चा करताना आपण थकत नाही. भयानकाला रससूचीत जागा देतो, परंतु बैठकीत देत नाही. नारायण धारपांनी शंभरावर पुस्तके लिहिली आणि मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी ती रात्री जागून वाचली. वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला काय आले ते सर्वांना ठाऊक आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा त्यांच्या नाटकांच्या पुण्याईवर थोड्याफार सुटल्या. जोगळेकरांचा चित्रपट तर एका गाण्याच्या मागे झाकला गेला. भिणारी माणसे हलकी म्हणून भय हलके, आणि भय हलके म्हणून ते रचणाराही हलका, अशी ही साखळी आहे.

दुसरी गोष्ट कमी उद्धृत होते. भरताने भयानकाचे तीन प्रकार केले आहेत: व्याजाने, म्हणजे सोंग म्हणून आणलेले, अपराधातून उपजणारे, आणि धाकदपटशाने घातलेले. जो शास्त्रकार भय हे बायकांचे आणि हलक्यांचे म्हणतो, तोच लगेच भयाच्या मुळाशी सोंग, अपराध आणि सत्ता पाहतो. म्हणजे भय कोणाला वाटते एवढे विचारून त्याने प्रश्न सोडलेला नाही. ते कोठून येते हेही त्याने विचारले आहे. परंपरेने पहिला भाग पाठ केला आणि दुसऱ्याची केवळ वर्गवारी केली. आमच्या घरात हे तिन्ही प्रकार एका छपराखाली नांदत होते. लोक तिच्या भयाला पहिल्या प्रकारातले म्हणत. ते तिसऱ्यातले असावे असे मला वाटते. दुसरा प्रकार वडिलांच्या वाट्याचा होता. आता तो माझ्या वाट्याला आला आहे.

या प्रकाशात जोगळेकरांकडे पुन्हा पाहताना मी त्यांना विस्मृतीतला महान दिग्दर्शक ठरवू इच्छित नाही. तसे करणे म्हणजे एका अतिशयोक्तीची भरपाई दुसरीने करणे होय. त्यांचे बरेचसे चित्रपट त्यांच्या काळाबरोबर गेले, आणि 'हा खेळ सावल्यांचा'मध्येही ढिल्या जागा आहेत. माझे म्हणणे यापेक्षा लहान आहे. सर्व कागदांवर सारखी सही करणारा तेवढाच कर्ता, असे मानणारी समीक्षा ज्यांना दर वेळी वेगळ्या मालकासाठी आणि वेगळ्या अटींवर काम करावे लागले त्यांच्यावर अन्याय करते. अशा माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात एकदा एक प्रश्न नेमका मांडला असेल, तर त्या एका वेळची सही खरी मानली पाहिजे. तिच्या मागेपुढे अंगठे दिसतात म्हणून तीही अंगठाच, असे म्हणता येणार नाही. आणि तो प्रश्न किनवटच्या तंबूत बसलेल्या एका बाईपर्यंत पोहोचला होता, आम्हा शिकलेल्यांच्या कितीतरी आधी. ज्येष्ठ प्राध्यापकांना द्यावयाचे उत्तर मला आज एवढेच सुचते की मूल्य होते, ते तिला कळले होते, आणि न कळण्यात माझा फायदा होता.

२०१८ मध्ये काशिनाथ घाणेकरांच्या जीवनावरील चित्रपट आला. त्यात 'गोमू संगतीनं' नव्याने चित्रित झाले आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर बसले. मूळ चित्रपटाचे नाव त्यांतील काहींना माहीत होते. दिग्दर्शकाचे कोणालाच नाही.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षी मी महाविद्यालयातल्या मुलांना 'हा खेळ सावल्यांचा' दाखवला. नामावली सुरू होताच मुले नेहमीप्रमाणे आपापसांत बोलू लागली. मी चित्रपट थांबवला, पुन्हा आरंभापासून लावला आणि मागच्या बाकावरील एका मुलीला नावे मोठ्याने वाचायला सांगितली. ती लाजत उभी राहिली आणि वाचू लागली. शेवटच्या नावाशी एका मुलाने विचारले, "हे कोण, सर?"

ज्याने हे सगळे रचले तो, असे मी सांगितले. हे वाक्य माझे नव्हे, हेही सांगितले. कोणाचे, ते सांगण्यासाठी मी तिचे नाव घेतले. आमच्या सातबाऱ्यावरून जे १९७४ मध्ये गेले होते, ते नाव मी त्या दिवशी कित्येक वर्षांनी मोठ्याने उच्चारले. मुलांना त्यात विशेष काही वाटले नाही. दिवे मालवले आणि खेळ सुरू झाला.